जतची द्राक्षं, आमचा पुठ्ठा

मिरज मागं पडली की मी गाडीची काच खाली करतो. बायको म्हणते, धूळ खायची हौस आहे तुम्हाला. हौस कसली, पण दंडोबाचा डोंगर दिसायला लागला की हवा बदलते आणि ती मला आधी ओठांवर कळते. जानेवारीत पहाटे कोल्हापुरातून निघताना पंचगंगेवर धुकं असतं. हातकणंगल्यापर्यंत उसाच्या ट्रॅक्टरांच्या मागून रांगत जायचं, नाकात मळीचा आणि गुऱ्हाळाचा वास. कवठेमहांकाळ येईतो धुक्याचा पत्ता नसतो. नागज फाट्याला चहा घेतला की ओठ फुटायला सुरुवात. डिसेंबर ते मार्च या चार महिन्यांतली माझी सगळी कमाई या कोरड्या हवेवर आहे, हे कोल्हापूरच्या माणसाला पटवणं अवघड. आमच्याकडं कोरडं म्हणजे वाईटच.

माझा धंदा पुठ्ठ्याच्या बॉक्सचा. कारखाना शिरोली एमआयडीसीत, गाव शिरोळ तालुक्यात. (बाहेरचे लोक शिरोळ आणि शिरोली एकच समजतात. माझं कुरिअर अजून तिकडचं इकडं जातं.) वर्षभर फौंड्रीवाल्यांचे बॉक्स करायचे, इचलकरंजीच्या कापडवाल्यांचे करायचे. डिसेंबर लागला की एक मशीन द्राक्षाच्या बॉक्सला मोकळं ठेवतो. पाच किलोचा बॉक्स, आत अर्ध्या किलोचे दहा पनेट म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या डब्या, कडेला हवेसाठी भोकं, वरती छपाई. दिसायला साधं काम. मीही दोन वर्षं तसंच समजत होतो.

२०१८ च्या फेब्रुवारीत एका निर्यातदाराचा रात्री साडेअकराला फोन आला. शिव्या नव्हत्या, म्हणून जास्त भीती वाटली. "उद्या सकाळी पॅकहाऊसला या. स्वतः या." गेलो. कोल्ड स्टोरेजच्या दारातच पॅलेट उभं होतं आणि त्याचा खालचा भाग बसलेला. माणूस उकिडवा बसावा तसे तळाचे दोन थर दबलेले, कोपरे फुगून बाहेर आलेले. आतले पनेट चेपले होते आणि मण्यांचा रस पुठ्ठ्यात उतरला होता. मी बॉक्सच्या कोपऱ्यावर अंगठा दाबला. पुठ्ठा ओल्या चपातीसारखा लागला.

कारखान्यात हाच बॉक्स मी त्याच्यावर स्वतः उभा राहून तपासला होता. मग झालं काय? झालं असं की मी बॉक्स तपासला कोरड्यात आणि तो राहणार होता ओलीत. द्राक्ष तोडल्यावर चार-सहा तासांत गार करायचं, मग शून्य अंशाच्या आसपास ठेवायचं, आणि त्या खोलीत आर्द्रता नव्वद ते पंच्याण्णव टक्के राखायची. नाहीतर देठ सुकून तपकिरी पडतो, आणि युरोपातला गिऱ्हाईक आधी देठ बघतो, मग मणी. म्हणजे द्राक्षाच्या देठाला ओल पाहिजे आणि माझ्या पुठ्ठ्याला कोरडं, आणि दोघांनी एकाच खोलीत नांदायचं. कागद हवेतली ओल पितो. नव्वद टक्के आर्द्रतेत पुठ्ठ्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते. एकावर एक वीसेक बॉक्स, म्हणजे तळाच्या बॉक्सवर शंभर किलोच्या आसपास ओझं. त्यात मी पैसे वाचवायला मधल्या पदरांत रद्दीपासून केलेला लोकल क्राफ्ट कागद घातला होता आणि गोंद साधा स्टार्चचा. चूक माझीच होती. त्या दिवशी मात्र मी कबूल केली नाही, कोल्ड रूमवाल्याशी तासभर भांडलो.

निर्यातदार शेवटी एवढंच म्हणाला, "माझं नुकसान तुमच्या बिलातून वळतं करतो. पण ही द्राक्षं ज्याची आहेत त्याला जाऊन तोंड दाखवा."

म्हणून मी पहिल्यांदा जत तालुक्यात अण्णांच्या मळ्यात गेलो. वाटेत मनात भाषण तयार केलं होतं. अण्णा बागेत बसून घडाला कागद गुंडाळत होते. उन्हातानानं आणि रात्रीच्या गारठ्यानं मणी गुलाबी पडतात आणि गुलाबी मणी परदेशात चालत नाही, म्हणून प्रत्येक घडाला वर्तमानपत्राचा डगला. हजारो घड. माझं भाषण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाव्हणं, तुमचा पुठ्ठा भिजला हुता का?"

"भिजला नव्हता. हवेतली ओल घेतली त्यानं."

"मग वल मोजत न्हाईसा तुमी?"

मी गप्प. पुठ्ठ्यातली ओल मोजायचं छोटं यंत्र मिळतं, हजारांत मिळतं, आणि माझ्याकडं नव्हतं. अण्णा उठले, झोपडीतून एक वही आणली. आमच्या वाण्याच्या उधारीच्या वहीसारखी लांबट, कोपरे दुमडलेले. तारीख. पाणी किती मिनिटं. वेलीला किती लिटर. कुठली फवारणी, आणि त्या फवारणीनंतर तोडणीला किती दिवस थांबायचं. एका रांगेत लिहिलं होतं, "पाऊस ४ मिमी. डाऊनी बघणे." डाऊनी म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग. पण चार मिलिमीटर! आमच्याकडं चार मिलिमीटरला कुणी छत्रीसुद्धा उघडत नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो. तिथून जत सरळ रेषेत दीडेकशे किलोमीटर, आणि जतला पाचशे पडला तर लोक म्हणतात, यंदा बरं झालं.

माझ्या भावाची पाणी द्यायची पद्धत सांगतो म्हणजे फरक कळेल. मोटरीला ऑटोस्टार्टर बसवलाय. रात्री कधीतरी लाईट येते, मोटर आपोआप सुरू होते, भाऊ घोरत असतो, पाणी उसातून वाहत ओढ्याला लागतं, लाईट गेली की बंद. किती दिलं? "रात्रभर दिलं की." हे आमचं माप.

त्या वर्षीपासून दर हंगामात एकदा तरी अण्णांकडं जातो. आधी अपराधीपणानं जात होतो, आता वहिनींच्या बाजरीच्या भाकरीसाठी आणि गप्पांसाठी. जाऊन जाऊन जे कळलं ते असं, की तिथली कोरडी हवा नुसता शाप नाही. द्राक्षाचा मोठा वैरी डाऊनी, आणि डाऊनीला पानावर ओल लागते. नोव्हेंबर ते मार्च आभाळ कोरडं राहिलं तर तो रोग फिरकत नाही, फवारण्या कमी, औषधाचा अंश कमी, आणि साखर भरते. तीच द्राक्षं माझ्या गावात लावली तर पानापेक्षा बुरशी जास्त येईल. जुनोनी-नागजच्या बाजूला बेदाण्याची शेडच्या शेडं उभी आहेत तीही याच हवेवर. द्राक्ष द्रावणात बुडवून जाळीवर टाकायची, बाकी काम वारा करतो. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, म्हणजे एका अर्थानं त्या वाऱ्यालाच मिळालंय म्हणा.

अण्णांच्या भिंतीवर एक फोटो आहे. टोपी घातलेले आठ-दहा शेतकरी, मागं नुसती वाळू आणि जाळीचं शेड. इस्रायलचा अभ्यास दौरा. अण्णा तिथलं सांगायला लागले की थांबत नाहीत. अरावा म्हणून खोरं आहे, वर्षाला पन्नास मिलिमीटरसुद्धा पाऊस नाही, जमिनीखालचं पाणी मचूळ, आणि त्यावर ढोबळी मिरची पिकवून हिवाळ्यात युरोपला पाठवतात. देशातल्या सांडपाण्यातलं जवळपास ९० टक्के पाणी शुद्ध करून शेतीला वापरतात. ठिबकची गोष्टही त्यांनीच सांगितली. सिम्खा ब्लास नावाच्या पाण्याच्या इंजिनिअरला एक झाड शेजारच्या झाडांपेक्षा उंच वाढलेलं दिसलं, खणून बघतो तर मुळाशी पाइप थेंबथेंब गळत होता. पुढं १९६५ साली नेगेव्हच्या वाळवंटात हात्झेरीम नावाच्या किबुत्झमध्ये, म्हणजे सामूहिक शेतीच्या वस्तीत, त्याच्या ड्रिपरचा कारखाना निघाला, नेटाफिम. अण्णांना त्या गोष्टीतलं यंत्र आवडत नाही, गळका पाइप आवडतो. "आमच्या हितं गळका पाइप दिसला की आपण काय करतो? सुतळी बांधतो."

पण मला एक म्हणायचंय. दौऱ्यावरून आलेला माणूस इस्रायलचं कौतुक करतो आणि स्वतःच्या तालुक्याचं विसरतो, तसं अण्णा करत नाहीत, आणि मीही करू नये. तास-ए-गणेश ही द्राक्षाची जात तासगाव तालुक्यातल्या वसंतराव आरवे यांनी थॉम्पसन जातीच्या बागेत वेगळी वेल हेरून पुढं आणली. सोनाका सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळ्यांची. दोघंही शेतकरी, प्रयोगशाळेतले नव्हेत. आणि द्राक्ष दुष्काळात तगली ती डॉगरीजवर. मूळची ती टेक्सासकडची रानवेल. आमच्याकडं तिला सरळ 'जंगली' म्हणतात. आधी जंगली रोप लावायचं, मुळं खोल जाऊ द्यायची, मग तिच्यावर चांगल्या जातीची काडी भरायची. खालची वेल क्षार आणि ताण सोसते, वरची गोड फळ देते. अण्णा म्हणतात, "सासू जंगली, सून थॉम्पसन. भांडण न्हाई कधी." वहिनी आतून म्हणाल्या, "तुमाला काय म्हाईत?"

तोडणी बघायला पहाटे जावं लागतं. ऊन चढायच्या आत जेवढं होईल तेवढं. बायका घडाला हात लावत नाहीत, देठाला धरतात. मण्यावर एक पांढुरका थर असतो, बोट लागलं की पुसतो आणि तिथं बोटाचा ठसा राहतो. तो ठसा पार रॉटरडॅमपर्यंत जातो. एक पोरगी भोकं पाडलेली प्लास्टिकची पट्टी घेऊन फिरत होती, सोळा, अठरा, वीस मिलिमीटर. मणी भोकातून पडला की घड बाजूला. दुसरा एक जण मणी पिळून रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर थेंब टाकायचा आणि उजेडाकडं डोळा लावायचा. मी मागून घेतला आणि बघितलं. अर्धं निळं, अर्धं पांढरं, मध्ये रेघ, रेघ सतरावर. गोडीचा आकडा असा डोळ्यानं दिसतो हे मला माहीत नव्हतं. जन्मभर ऊस खाल्लेला माणूस मी.

बॉक्सवर मी जे छापतो त्यात बागेचा नोंदणी नंबर असतो. पूर्वी मला ती नसती कटकट वाटायची, दर लॉटला नवा नंबर, नवं लेबल. अण्णांनी २०१० ची गोष्ट सांगितल्यावर कटकट वाटायची थांबली. त्या वर्षी युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश सापडला. शेतकरी त्याला सीसीसी म्हणतात, शेंड्याची वाढ रोखून काडीत घड धरावेत म्हणून एप्रिल छाटणीनंतर मारायचे. वेलीनं ते महिनोन्‌महिने पोटात ठेवलं आणि फळात उतरवलं. माल बंदरात अडकला, भाव कोसळले, आणि ज्यांनी कधी सीसीसी हातात धरलं नव्हतं तेही त्यात भरडले गेले. अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेची ग्रेपनेट ही बागांची नोंदणी त्याआधीच सुरू झालेली होती, पण लोकांनी ती मनावर घेतली ती अशा फटक्यांनंतर. आता नमुना बागेतून प्रयोगशाळेत जातो, अंश मर्यादेत आला तरच कात्री लागते. अण्णांच्या वहीतला तो "किती दिवस थांबायचं" रकाना तिथून आलाय.

माझीही वही झाली. रोल आला की ओल मोजायची, बॉक्स झाला की मोजायची, गाडी भरताना परत. मधल्या पदरांत चांगला क्राफ्ट, गोंदात पाण्याला दाद न देणारं मिश्रण, कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे अँगल. बॉक्स महाग झाला. दोन गिऱ्हाईकं गेली, एक परत आलं. बाकीचं सांगण्यासारखं काही नाही.

एक मात्र सांगतो. २०२४ च्या हंगामात तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले व्हायला लागले आणि कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून जायला लागले. एरवी तीनेक आठवड्यांचा प्रवास, त्याला दोन आठवडे वाढले. एका कंटेनरमध्ये बारा-तेरा टन द्राक्षं. सगळे भाड्याचं आणि द्राक्षाच्या टिकण्याचं बोलत होते. माझ्या डोक्यात एकच, बॉक्स आणखी दोन आठवडे ओलीत उभा राहायचाय. रात्री झोप लागेना. बायको म्हणाली, जहाजावर तुम्ही आहात का बॉक्स? पाच आठवड्यांनी तिकडून फोटो आला. तळाचा थर थोडा फुगलेला, पण उभा. तो फोटो अजून मोबाईलमध्ये आहे. पोरांच्या फोटोंच्या मध्येच कुठंतरी.

आता गावाकडचं. आमच्या वाटणीच्या साडेतीन एकरांपैकी एक एकर क्षारपड झालाय. आजोबांच्या वेळची ती सगळ्यात भारी जमीन, नदीकाठची काळी. पाणी, ऊस, पाणी, ऊस, असं पन्नास वर्षं. आता उन्हाळ्यात तिथं पांढरं मीठ फुटतं, चप्पल घालून चाललं तर करकर वाजतं. शिरोळ तालुक्यात असे हजारो एकर आहेत. उपाय आहे, जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून पाण्याचा निचरा करायचा, पण एकट्यानं करून भागत नाही, कारण तुमचं पाणी शेजाऱ्याच्या रानातूनच बाहेर जाणार. मग बैठका, मग रुसवे. अण्णांनी शेततळ्यात प्लास्टिक अंथरून लाखो लिटर पाणी आत ठेवण्यासाठी कर्ज काढलं, माझा भाऊ जमिनीतलं पाणी बाहेर काढण्यासाठी काढतोय. बँक बहुतेक एकच असेल.

आणि मग या जानेवारीत अण्णा म्हणाले ते.

म्हैसाळ योजनेचं पाणी त्यांच्या बाजूला आलंय. कृष्णेचं पाणी, म्हणजे आमच्याच अंगणातलं, टप्प्याटप्प्यानं उचलून वर नेलेलं. मी जाताना बघत होतो, जिथं पूर्वी नुसती कुसळं होती तिथं मका, भाजी, आणि अधूनमधून हिरवागार ऊस. डोळ्यांना बरं वाटलं आणि पोटात कसंतरी झालं. जेवण झालं, सुपारी कातरत अण्णा म्हणाले, "पाव्हणं, तुमच्या भावाकडं ८६०३२ चं बेणं मिळंल का? दोन एकराचं."

८६०३२ ही उसाची जात. मला वाटलं चेष्टा. चेष्टा नव्हती. सलग दोन वर्षं फुलोऱ्यात अवकाळीनं गाठलं, घड कुजले, औषधाचं बिल दीडपट, मजूर मिळत नाहीत, पोरगा पुण्यात. "द्राक्ष म्हंजे तान्हं पोर. रात्री उठून बगावं लागतं. उसाला कोण बगतंय? लावला, इसरला. कारखाना न्हेतोय."

मी काय बोलणार? आमच्या घरात तीन पिढ्या हेच वाक्य आहे. क्षारपडीचं सांगितलं, तर म्हणाले, "आमची जमीन माळाची हाय, निचरा होतो." ऑटोस्टार्टरचं सांगितलं, तर हसले. मग मी रागानं म्हटलं, "अण्णा, पाणी कसं देणार? पाटानं?"

"ठिबकवर. आणि वही हाय की." त्यांना माझा राग कळला असावा, कारण मग म्हणाले, "बाग काडणार न्हाई. दोन एकर ऊस, तीन एकर बाग. बागेला पडत्या काळात उसानं धरावं, यवडंच."

परत येताना मिरजेपर्यंत काच खालीच होती. भावाला फोन केला. बेणं आहे म्हणाला, दहा महिन्यांचं, चांगलं पोसलंय, पैसे नकोत त्यांच्याकडून. मग त्याला एक शक्कल सुचली. "शनिवारी तुझी बॉक्सची गाडी जतलाच जाणार आहे ना? त्यातच टाकू की मोळ्या. भाडं कशाला दोनदा?"

ताजं तोडलेलं ओलं बेणं, आणि शेजारी माझा पुठ्ठा. मी त्याला गाडी वेगळी करायला सांगितली.